विलायती लेथची जन्मतारीख

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील आमचा गाळा रिकामा करायची वेळ आली, तेव्हा भंगारवाल्याने आजोबांच्या लेथचे वजन विचारले. वय विचारले नाही. घरात वयाचा निकाल कधीच लागलेला होता. हे कातयंत्र विलायती आहे आणि आजोबांनी ते युद्धापूर्वी एका इंग्रज साहेबाकडून घेतले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. जतन करावे ते त्या विलायतीपणासाठीच, असे काही भावंडांचे मत. बाकीच्यांना किलोचा भाव पुरेसा वाटत होता. म्हणून आम्ही कथा बाजूला ठेवून लोखंडाची साक्ष काढायचे ठरवले.

पहिली साक्ष चकच्या चावीची. तिच्यावर 'जी. आय. पी.' असा ठसा आहे. आजोबा कल्याणच्या रेल्वे शेडमध्ये टर्नर होते, आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली. चावी त्याआधीची, हे उघड आहे. (ती लिलावातून घरी आली की खिशातून, हे सांगायला आता कोणी उरलेले नाही.) परंतु चावी हातोहात फिरणारी वस्तू, तिचे वय यंत्राला लावता येत नाही. मोटरचेही तेच. तिची बैठक पोलादी पट्ट्या वेल्ड करून केलेली, तर बाकीचे सारे अंग ओतीव. पायऱ्यापायऱ्यांची पुली सांगते, की हा लेथ मुळात चामडी पट्ट्यावर चालत असे.

तिसरी साक्ष अधिक मोलाची. लीड स्क्रूवर एका इंचात चार आटे आहेत आणि डायलवरच्या खुणा इंचाच्या हजाराव्या भागाच्या आहेत. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. तेवढ्यावरून यंत्र त्याआधीचे ठरवण्याचा मोह होतो. पण कारखान्यांतून इंच आणि सूत त्यानंतरही पुष्कळ वर्षे नांदले. गिअरांच्या पेटीत मात्र १२७ दात्यांचे एक चाक निघाले. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, आणि त्याची पाचपट बरोबर १२७. म्हणून हे चाक लावले की इंची स्क्रूवर मेट्रिक आटे अचूक कापता येतात. इतर चाके झिजलेली, हे जवळजवळ कोरे. मेट्रिक काम आजोबांकडे उशिरा आले आणि थोडेच आले, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

शेवटी रॉकेल आणि खरवडणी घेऊन बसलो. रंगाच्या तिसऱ्या थराखाली ओतीव अक्षरे उमटली : 'किर्लोस्कर', आणि खाली 'हरिहर'.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, ती लोखंडी नांगरांसाठी प्रसिद्ध झाली. तुंगभद्रेकाठी हरिहर येथे लेथ बनवणारी म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी निघाली १९४१ साली, महायुद्धामुळे परदेशी यंत्रे मिळणे दुष्कर झाले होते त्या काळात. तेव्हा आमचा लेथ १९४१ पूर्वीचा असूच शकत नाही. आजोबांच्या हिशेबवहीत त्याच्या पट्ट्याचा खर्च प्रथम लिहिलेला आहे १९५७ साली. याहून नेमके साल सांगण्याइतका पुरावा आमच्याजवळ नाही.

इंग्रज साहेब असा नाहीसा झाला. ही कथा आजोबांनीच रचली असेल, तर त्यांना दोष देववत नाही. चांगले यंत्र देशी आहे म्हटले तर गिऱ्हाईक बिचकत असेल. बेडवर सरळ पट्टी ठेवून पाहिली, तेव्हा चकाजवळच्या वीतभर भागात पट्टीखालून उजेड दिसला. बाकीचा बेड जवळपास सपाट आहे. म्हणजे आजोबांनी जन्मभर लहान कामे केली : बुश, पिना, बोल्ट. लांब शाफ्ट क्वचितच वाट्याला आला असावा.

हे कळल्यावर किलोच्या भावाची गोष्ट कोणी काढली नाही. लेथ आता ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका आतेभावाच्या गाळ्यात आहे. झिजलेल्या वीतभर जागेत तो अजूनही बुश कातून देतो.