जर्मनचं कवच

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, झोन टूच्या एका गल्लीत, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनतात. ब्राउन सेक्शन करवतीने कापला की कडेला चांदीसारखा धातू चमकतो. मल्टिमीटरच्या दोन्ही सुया त्या कडेला लावल्या की तो वाजतो; ब्राउन अंगावर अलगद टेकवल्या की गप्प. कारण तिथे वर धातू नाहीच. चिनीमातीच्या जातकुळीचा, वीज अडवणारा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर आहे. माणिक आणि नीलम यांचं मूळ द्रव्यही हेच.

हा थर भट्टीतला नव्हे. लोखंडावरचं इनॅमल साधारण 800 अंशांना भाजतात. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांनाच वितळतं. पण वाट धातूच्या स्वभावातच होती. लोखंडाचा गंज पोपडे धरून गळतो. अ‍ॅल्युमिनियमचा गंज अंगाला घट्ट बिलगून धातूला राखतो. मात्र त्याची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, आणि आंबटापुढे तो टिकत नाही. म्हणूनच घरची मोठी माणसं जर्मनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, पातेल्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवू देत नसत.

हे कवच जाड करायला लावलं समुद्राने. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे भाग खाऱ्या पाण्याने खाल्ले जात. 1923 साली इंग्लंडमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी असे भाग क्रोमिक आम्लात बुडवून विजेच्या धन टोकाला, म्हणजे अ‍ॅनोडला, जोडले. मुलामा देताना वस्तू ऋण टोकाला असते आणि बाहेरचा धातू तिच्यावर चढतो. इथे ऑक्सिजन धातूला भिडतो आणि थर धातूतूनच उगवतो. 1927 मध्ये गोवर आणि ओब्रायन यांनी गंधकाम्ल वापरलं. खिडक्यांसाठी आजही तेच चालतं, साधारण 20 अंशांच्या टाकीत. टाकी शून्याच्या आसपास गार ठेवली की आम्ल थराला कमी विरघळवतं, थर जाड आणि कठीण होतो. स्वयंपाकघरातली काळपट हार्ड अ‍ॅनोडाइज्ड कढई या शाखेतली.

1953 साली अमेरिकेत केलर, हंटर आणि रॉबिन्सन यांनी या थराची घडण उलगडून दाखवली: मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी कप्पे, प्रत्येकात एक छिद्र. छिद्रांच्या तळाशी कथलाचे कण बसवले की ब्राउन छटा येते. कल्हईचं तेच कथील! मग उकळत्या पाण्यात थर फुगतो आणि छिद्रांची तोंडं मिटतात.

या घराण्याची चुलत शाखा कोल्हापूरला सापडते. शिवाजी विद्यापीठात एस. एच. पवार आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात अतिवाहक सिरॅमिकचे पातळ थर विजेने घडवले: आधी ऋण टोकाला धातू बसवायचे, मग त्यांत ऑक्सिजन भरायचा.

करवतीची ती ताजी कडही उघडी राहत नाही. हवा लागताक्षणी तिच्यावर नवं कवच धरतं, सुईच्या टोकानेही फुटेल इतकं पातळ. माणसाने शंभर वर्षांत विजेच्या जोरावर धातूचीच ती सवय पक्की करून घेतली.