भारी बाटली, भारी वाईन?

मागच्या रविवारी माळा आवरताना वाईनच्या दोन रिकाम्या बाटल्या निघाल्या. मनीप्लांट लावायचा म्हणून कधीतरी ठेवून दिलेल्या. एक हाताला हलकी, दुसरी उचलताना मनगटाला जाणवली. सहज म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या. पहिली ४१० ग्रॅम, दुसरी ८८० ग्रॅम. दोन्हींत मावते ७५० मिली वाईन, म्हणजे साधारण पाऊण किलो. थोडक्यात, दुसऱ्या बाटलीत मालापेक्षा वेष्टनच जड!

आणि खरं सांगतो, जरा लाज वाटली. ती जड बाटली मीच आणली होती. साडू जेवायला येणार होते. दुकानात दोन्ही बाटल्या हातात धरून पाहिल्या आणि "ही भारी वाटतेय" म्हणून जवळजवळ दुप्पट पैसे मोजले.

भारी! आपली भाषाच बघा ना. भारी म्हणजे जड आणि भारी म्हणजे उत्तमही. नेता वजनदार असतो, माणसाच्या शब्दाला वजन असतं, फाईल पुढे सरकायची तर तिच्यावरही वजन ठेवावं लागतं. उलट माल 'हलक्या प्रतीचा' असतो. पण हा काही फक्त आपला दोष नाही. वाईनच्या बाटलीच्या वजनाला चारशे वर्षांचा इतिहास आहे आणि गंमत म्हणजे सुरुवातीला हे वजन अगदी प्रामाणिक होतं.

१६१५ साली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानं काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी घातली. जहाजांसाठी लाकूड वाचवायचं होतं. काचवाले दगडी कोळशाकडे वळले. कोळशाची आच जास्त, त्यामुळे काच जाड, गडद आणि मजबूत होऊ लागली. १६३० च्या दशकात केनेल्म डिग्बी या अवलिया माणसानं हे तंत्र बाटलीसाठी वापरलं, असं मानलं जातं. (याच्या वडिलांना १६०६ मध्ये राजाविरुद्धच्या गनपावडर कटापायी देहदंड झाला होता!) तोपर्यंत वाईन पिंपात ठेवायची आणि बाटली फक्त टेबलावर आणायला वापरायची. नाजूक काच, वरून वेताची वीण. आता पहिल्यांदा वाईन बाटलीत साठवता, दूरवर पाठवता येऊ लागली. फ्रेंच लोक या काचेला 'इंग्लिश काच' म्हणायचे.

या मजबूत काचेची खरी गरज होती शँपेनला. त्या बाटलीच्या आत दाब असतो सुमारे ६ वातावरणांचा, म्हणजे गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. तळघरात एक बाटली फुटली की तिच्या तुकड्यांनी शेजारच्या फुटायच्या. कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे घालून आत जायचे. १७२८ मध्ये फ्रान्सच्या राजानं शँपेन बाटल्यांतून पाठवायला परवानगी दिली आणि १७३५ मध्ये थेट बाटलीचं वजनच ठरवून दिलं: २५ औंस, म्हणजे पाऊण किलोच्या आसपास. हलकी बाटली म्हणजे फुटणारी बाटली, ग्राहकाची फसवणूक आणि कामगाराच्या डोळ्याला धोका. जड बाटली म्हणजे भरवशाचा माल. तिथं वजन हा पुरावा होता.

मुद्दा इथून पुढे आहे. साध्या लाल किंवा पांढऱ्या वाईनमध्ये असा दाब नसतो. तिला ४०० ग्रॅमची बाटली व्यवस्थित पुरते. उन्हापासून वाचवतो तो काचेचा रंग, तळाची जाडी नव्हे. मग ८८० ग्रॅम कशाला? तर आपल्या हातासाठी. पुरावा गेला, त्याचा नुसता आव उरला.

ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि बेटिना पिकेरास-फिसमन यांनी एका वाईनच्या दुकानातल्या २७५ बाटल्या तोलल्या. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आला: बाटली जितकी जड, तितकी वाईन साधारणपणे महाग. लक्षात घ्या, वाईन चांगली असं नाही, महाग! विकणाऱ्याला आपला हात ओळखता येतो, एवढंच यातून दिसतं. याच मंडळींनी लोकांच्या हातात वेगवेगळ्या वजनाच्या वाट्या देऊन एकच दही चाखायला दिलं होतं. जड वाटीतलं दही लोकांना दाट वाटलं आणि जास्त आवडलंही. दही तेच!

कुणी म्हणेल, ज्याला परवडतं तो घेईल, तुमचं काय जातं? जातं. काच वितळवायला भट्टी सुमारे १५०० अंशांवर ठेवावी लागते. ते इंधन, मग ट्रकचं डिझेल, आणि १२ बाटल्यांचा खोका उचलणाऱ्या हमालाच्या पाठीवर साडेपाच किलो जास्तीचं ओझं. या सगळ्याचे पैसे आपण देतो आणि त्या जास्तीच्या काचेतला एक रुपयाही दिंडोरीच्या द्राक्षवाल्याला मिळत नाही. दिवाळीत मिठाई खोक्यासकट तोलली तर आपण दुकानदाराशी भांडतो आणि कायदाही आपल्या बाजूनं असतो. इथे लेबलवर ७५० मिली स्पष्ट छापलेलं असतं, कुणी खोटं बोललेलं नसतं. फसतो तो आपला आपणच.

२०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकावी की नाही यावरून आपल्याकडे केवढं रान पेटलं होतं! वाईन म्हणजे दारू की नाही इथपर्यंत वाद गेला. बाटलीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. तिकडे शँपेनवाल्यांनी २०१० मध्येच आपली बाटली ९०० वरून ८३५ ग्रॅमवर आणली, आतला दाब तसाच असताना. २०२३ मध्ये काही मोठ्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन साध्या वाईनच्या बाटल्यांचं सरासरी वजन ५५० वरून २०२६ अखेर ४२० ग्रॅमच्या खाली आणायचं ठरवलं. आपल्या नाशिकच्या वाईनवाल्यांनी हे आपणहून केलं तर मला तरी आनंदच होईल. पण हलकी बाटली बघून गिऱ्हाईक नाक मुरडणार असेल, तर ते तरी का करतील?

माझ्या दोन्ही बाटल्या शेवटी भंगारवाल्याला दिल्या. त्यानं काट्यावर टाकल्या आणि जड बाटलीचे जास्त पैसे दिले. अख्ख्या व्यवहारात वजनाला योग्य भाव देणारा तो एकटाच निघाला.

तुमच्या घरात एखादी रिकामी बाटली असेल तर तोलून बघा आणि आकडा खाली लिहा. किंमत आठवत असेल तर तीही. वाईन कशी होती ते मात्र प्रामाणिकपणे सांगा!