कीटक-जीवाश्म, दख्खन पठारावरील

कीटक-जीवाश्म म्हणजे गतकालीन भूवैज्ञानिक काळांतील कीटकांचे खडकांत टिकून राहिलेले अवशेष, ठसे वा खुणा. प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती कीटकांच्या असल्या, तरी जीवाश्मांच्या संग्रहांत त्यांचे प्रमाण शंख-शिंपल्यांच्या मानाने फार थोडे असते. याचे कारण त्यांच्या शरीररचनेत आहे. शिंपल्यांची कवचे व पृष्ठवंशी प्राण्यांची हाडे मुळातच खनिजमय असतात. उलट कीटकाचे बाह्यकंकाल कायटिन व प्रथिने यांचे असते आणि कवके व सूक्ष्मजंतू त्याचे सहज विघटन करतात. मेलेला कीटक बहुधा मुंग्या वा पक्षी खातात; जो उरतो, तो पहिल्या पावसातच कुजून जातो.

म्हणून कीटकाचा जीवाश्म व्हावयाचा, तर काही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. कीटक संथ पाण्यात पडला पाहिजे, तळाशी ऑक्सिजन कमी असला पाहिजे व वर बारीक गाळ लवकर साचला पाहिजे. हलके व मोठ्या पंखांचे कीटक पृष्ठताणामुळे पाण्यावर दीर्घकाळ तरंगतात आणि तेवढ्यात त्यांचे अवयव सुटे होतात. त्यामुळे सरोवरांच्या थरांत संपूर्ण कीटकांपेक्षा सुटे पंखच अधिक आढळतात. भुंगेऱ्यांचे पुढचे पंख कठीण होऊन त्यांची पंखावरणे बनलेली असतात, ती त्यांतल्या त्यात जास्त टिकतात. टिकून राहण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. सिलिकायुक्त पाणी मुरून अवशेषाभोवती चर्टसारखा कठीण खडक तयार झाला, तर बारीक तपशीलही शाबूत राहतात. स्कॉटलंडमधील राइनी येथील सु. ४१ कोटी वर्षांपूर्वीचा चर्ट याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. दुसरा मार्ग वृक्षांच्या राळेचा. तिच्यात अडकलेला कीटक हवा व जंतू यांपासून दुरावतो आणि राळेचा अंबर झाल्यावर केसांसह दिसू शकतो.

या दृष्टीने जालना जिल्ह्याकडे पाहिले असता परिस्थिती अगदी प्रतिकूल दिसते. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे भाग काढून बनविलेला हा जिल्हा, गोदावरी, दुधना, पूर्णा यांच्या काठचा गाळ सोडल्यास, दख्खन ट्रॅपच्या बेसाल्टावर वसलेला आहे. सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून शिलारसाचे थरावर थर पसरून तो तयार झाला. विहीर खणताना वरची काळी माती व मुरूम संपले की मांजऱ्या खडक आणि कठीण काळा पाषाण आलटून पालटून लागतो, ते हेच थर होत. सु. १,१००° से. तापमानाच्या शिलारसात कोणताही कीटक टिकणे शक्य नाही. दोन थरांमध्ये कधीकधी आढळणारा तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधील विश्रांतीच्या काळात खडक झिजून बनलेली व पुढच्या शिलारसाने भाजून निघालेली माती होय. त्या काळी तिच्यावर कीटक वावरत असणार, यात शंका नाही. परंतु हवेशी मुक्त संपर्क असलेल्या, लोह गंजून लाल झालेल्या अशा मातीत कायटिन उरत नाही. पोकळ्यांत मिळणारे जिओलाइटांचे सुंदर स्फटिकही जैव अवशेष नव्हेत. नदीकाठच्या गाळाचे वय फारच कमी असून, पाळीपाळीने भिजणाऱ्या व सुकणाऱ्या अशा गाळात हाडे टिकली तरी कीटक टिकणे दुरापास्त असते.

ट्रॅपमधील कीटकांचा इतिहास त्यामुळे जालन्यात नव्हे, तर पठाराच्या पूर्व कडेला, नागपूरजवळ सुरू होतो. पश्चिमेस दोन हजार मीटरांवर जाडी असलेले ट्रॅप पूर्वेकडे पातळ होत जातात. तेथे उद्रेकांच्या मधल्या काळात उथळ सरोवरे तयार होऊन त्यांत चिखल, चुना व सिलिका साचली. या थरांना आंतर-ट्रॅपी थर म्हणतात. स्टीफन हिस्लॉप (१८१७–६३) हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांनी व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५० नंतरच्या काही वर्षांत नागपूरलगतच्या टाकळी येथील अशा थरांतून गोड्या पाण्यातील शंख, फळे, बिया, लाकूड व त्यांबरोबर कीटकांचे अवशेष गोळा केले. दोघेही व्यवसायाने भूवैज्ञानिक नव्हते. तरीही एकाच ठिकाणच्या थरातील लहानमोठे सर्व अवशेष वेचून ते त्या त्या विषयाच्या जाणकारांकडे पाठविण्याची त्यांची रीत आजही अनुकरणीय वाटते. केवळ मोठी हाडे शोधणाऱ्याच्या हाती ही पंखावरणे लागलीच नसती.

कीटकांचे अवशेष अँड्र्यू मरी या कीटकवैज्ञानिकांनी तपासले. त्यांचे टिपण १८६० मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात, हिस्लॉप यांच्या लेखाबरोबर, प्रसिद्ध झाले. अवशेष मुख्यतः भुंगेऱ्यांच्या पंखावरणांचे होते. लोमेटस हिस्लोपी  व मेरिस्टोस हंटेरी  ही त्यांतील दोन नावे संशोधकांवरून दिलेली आहेत. त्यानंतर तीनच वर्षांनी, टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून हिस्लॉप यांचा अंत झाला.

सुट्या पंखावरणांवरून भुंगेऱ्याचे कुल खात्रीने ठरविणे कठीण असते. शृंगिका, पाय व मुखांगे यांवाचून वर्गीकरण डळमळीत राहते. म्हणून मरी यांनी सुचविलेली स्थाने आज सावधपणेच स्वीकारावी लागतात. शिवाय थरांच्या वयाचाही प्रश्न होता. हिस्लॉप यांनी ते तृतीय कल्पातील मानले. पुढे बिरबल साहनी यांनीही १९३० नंतरच्या दशकात वनस्पतींच्या जीवाश्मांवरून इओसीन वयाचा पुरस्कार केला. टाकळीच्याच थरांत डायनोसॉरांच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे मिळाल्याचे १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आर्गॉन समस्थानिकांवर आधारित वयमापनानेही ट्रॅपचे मुख्य उद्रेक क्रिटेशस काळाच्या अखेरीच्या आसपास घडल्याचे दाखविले. अर्थात टाकळीचे भुंगेरे डायनोसॉरांचे समकालीन ठरतात. पठाराच्या पश्चिम कडेचा पुरावा अप्रत्यक्ष आहे : मुंबईत वरळी येथील आंतर-ट्रॅपी थरांतून लहान बेडकांचे सांगाडे मिळाले व रिचर्ड ओएन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. कीटकभक्षी प्राणी जेथे मुबलक होते, तेथे त्यांचे भक्ष्यही असलेच पाहिजे.

ट्रॅपहून जुने कीटक महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर, गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ प्राणहिता नदीच्या खोऱ्यातील कोटा शैलसमूहात आढळतात. हा शैलसमूह जुरासिक काळातील असून त्यातील चुनखडक माशांच्या जीवाश्मांसाठी ख्यातनाम आहे. तेथील कीटकांत झुरळे व भुंगेरे यांचा समावेश होतो.

ट्रॅपनंतरच्या काळाचे चित्र गुजरातने पुरविले. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत सु. ५·०–५·२ कोटी वर्षांपूर्वीचा अंबर मिळाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यातील कीटक व इतर संधिपाद प्राण्यांची ५५ कुले नोंदविली आहेत. ही राळ साल वृक्षाच्या कुलातील झाडांची असून तिचे पूर्ण कठिनीकरण झालेले नाही, त्यामुळे ती विद्रावकात विरघळवून आतील कीटक अखंड बाहेर काढता येतो. भारतीय भूखंड दीर्घकाळ समुद्रात एकाकी होता, तेव्हा तेथे केवळ स्वतंत्र वंशाचे कीटक मिळतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेकांचे नाते युरोप, आशिया आदी खंडांतील कीटकांशी जुळले. ही ये-जा केव्हा सुरू झाली व ट्रॅपच्या उद्रेकांतून कोणते वंश तगले, हे ठरविण्यासाठी वस्तानपूर्वीच्या दीड कोटी वर्षांचा पुरावा लागतो. त्या कालखंडाच्या आरंभीचे दख्खनवरील कीटक म्हणजे मुख्यतः टाकळीची ती मूठभर पंखावरणे होत, आणि टाकळी आता नागपूर शहराच्या वस्तीत सामावून गेली आहे.