मखर गेलं, मौन राहिलं

खडकवासल्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, "पाळीबद्दल आधी कुणाकुणाला सांगितलं होतं?" फारच थोडे हात वर झाले.

आपल्या पणज्यांची लग्नं लहानपणीच होत. न्हाण आलं की मुलीला मखरात बसवत, ओटी भरत, गाणी म्हणत. साऱ्या गावाला कळे, कारण आता तिला सासरी नांदायला धाडायचं असे. तिच्या अंगात काय बदललं, हे तिला मात्र कुणी सांगत नसे. पोराबाळांना सांगायचं, "कावळा शिवला."

या घाईत कोवळ्या मुलींचे जीव गेले. १८९० मध्ये कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या जबरदस्तीनं दगावली. १८९१ मध्ये संमतीचं वय १० वरून १२ झालं. त्यावरून पुण्यात मोठा वाद पेटला. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय १४ ठरवलं, १९७८ मध्ये ते १८ झालं.

मखर मागं पडलं, पण न बोलणं तसंच राहिलं. २०१८ च्या अस्मिता योजनेत बचत गटांमार्फत शाळकरी मुलींना स्वस्तात पॅड मिळू लागले. पॅडसोबत चार शब्दही द्यायला हवेत.

छातीला उभार येऊ लागला की लेकीला जवळ बसवा. सांगा, "गर्भपिशवीचं आतलं अस्तर सुटून रक्तासोबत बाहेर येतं. हा विटाळ नाही, आजारही नाही. सुरुवातीला तारखा मागंपुढं होतील."

आणि हेही सांगा, "तू मोठी होतेयस, लग्नाची घाई नाही."