वनस्पतिजन्य नॅनोकण आणि सौरघट : दोन संशोधनप्रवाहांचा इतिहास

प्रस्तावना

सौरघटांची कार्यक्षमता वाढविण्यासाठी वनस्पतींच्या अर्कातून नॅनोकण तयार करण्याचे संशोधन आज एकसंध भासते. वस्तुतः ते दोन स्वतंत्र प्रवाहांच्या संगमातून घडले आहे. या संगमातून उद्भवलेल्या एका प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

सौरघटांचा प्रवाह

१८३९ मध्ये फ्रान्समधील एडमंड बेकेरेल यांनी प्रकाशामुळे विद्युतप्रवाह निर्माण होतो हे नोंदविले. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सुमारे ६ टक्के कार्यक्षमतेचा सिलिकॉन सौरघट सादर केला. १९९१ मध्ये ब्रायन ओरेगन व मायकेल ग्रेट्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांच्या सच्छिद्र थरावर रंजकद्रव्य चढवून ७ टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता मिळविली. कण सूक्ष्म असल्याने पृष्ठफळ कित्येक पटींनी वाढते व अधिक रंजक धरून ठेवले जाते, हे त्यामागील तत्त्व होय.

वनस्पतींचा प्रवाह

१८५७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी फॉस्फरसच्या साहाय्याने सोन्याचे कलिल द्रावण तयार केले होते. २००२ मध्ये टेक्सासमधील संशोधकांनी लसूणघासाच्या जिवंत रोपांत सोन्याचे नॅनोकण तयार होतात हे दाखविले. त्यानंतर २००३-०४ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी जिरेनियम, कडुनिंब व गवती चहा यांच्या अर्कांतून चांदी-सोन्याचे कण मिळविले. अर्कातील शर्करा, पॉलिफेनॉल इत्यादी घटक धातूच्या आयनांचे क्षपण करतात व कणांना स्थैर्य देतात, असे त्याचे स्पष्टीकरण आहे.

संगम आणि प्रश्न

पुढे हीच पद्धत सौरघटांच्या टायटॅनियम डायऑक्साइडसाठी वापरली गेली. पद्धतीबरोबर तिचे स्पष्टीकरणही अनेकदा जसेच्या तसे उचलले गेले. परंतु टायटॅनियमच्या नेहमीच्या संयुगांत आणि या ऑक्साइडमध्येही त्याची संयुजा चारच असते. म्हणजे येथे क्षपण होतच नाही. अर्क फार तर कणांचा आकार नियंत्रित करतो. त्यातच थर सुमारे ४५० अंश सेल्सिअसला भाजताना अर्काचे सेंद्रिय अवशेष बहुतांशी जळून जातात.

निष्कर्ष

तात्पर्य, चांदी-सोन्याबाबत सिद्ध झालेले तत्त्व ऑक्साइडला आपोआप लागू होत नाही. पानांतील घटक ऋतू व जमिनीनुसार बदलतात. म्हणून अर्काविना केलेला तुलनात्मक प्रयोग आणि भाजण्यास लागणाऱ्या ऊर्जेचा हिशेब या दोन्ही गोष्टी अनिवार्य ठरतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळांना ही पद्धत अल्पखर्ची म्हणून सोयीची आहे. तिचे ‘हरित’ हे विशेषण मात्र प्रयोगाने सिद्ध करावे लागेल.