विधान परिषद : पदवीधर मतदारसंघ आणि परदेशस्थ मतदार

सिंगापूरची संसद एकसदनी आहे. महाराष्ट्राचे विधिमंडळ मात्र द्विसदनी. विधान परिषद हे त्याचे वरिष्ठ सभागृह. त्याच्या ७८ सदस्यांपैकी ३० विधानसभा सदस्यांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, तर पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतून प्रत्येकी ७ निवडले जातात. १२ जणांची नियुक्ती राज्यपाल करतात. सदस्यत्वाची मुदत ६ वर्षे असते आणि सभागृह कधीही विसर्जित होत नाही.

पदवीधर मतदारसंघात मतदार उमेदवारांपुढे पसंतीक्रमाचे आकडे लिहितो. निम्म्याहून अधिक वैध मते कोणालाच न मिळाल्यास तळाचा उमेदवार बाद होतो व त्याची मते पुढील पसंतीनुसार इतरांकडे जातात. नोंदणीसाठी १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकापूर्वी किमान ३ वर्षे पदवीधर असणे आणि मतदारसंघाचा सर्वसाधारण रहिवासी असणे आवश्यक असते. अर्ज नमुना १८ मध्ये करावा लागतो. विधानसभेच्या यादीतील नाव येथे आपोआप येत नाही.

परदेशस्थ भारतीयांसाठी २०११ पासून नमुना ६-अ उपलब्ध आहे. अन्य देशाचे नागरिकत्व न घेतलेल्यांना पासपोर्टवरील भारतीय पत्त्याच्या मतदारसंघात त्याद्वारे नाव नोंदवता येते. मतदानासाठी मात्र केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. ही सवलत लोकसभा व विधानसभेपुरती आहे. पदवीधर यादीसाठी रहिवासाची अट कायम राहते. परिणामी सिंगापुरात स्थायिक झालेला पुण्याचा अभियंता आमदार व खासदार निवडू शकतो; परंतु पदवीमुळे मिळणारे मत त्याला पदवी असूनही मिळत नाही.