औषध कोणी तपासावें?

रोग्याच्या शुश्रूषेचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें डॉक्टर उभा राहतो. फार तर परिचारिका. औषध तयार करून तें हातीं देणारा मनुष्य सहसा कोणास आठवत नाहीं. माझ्या लहानपणीं आमच्या गांवच्या दवाखान्यांत हा मनुष्य, म्हणजे कंपाउंडर, पडद्यामागें बसे. डॉक्टरांची चिठ्ठी एका लहानशा खिडकींतून आंत जाई आणि थोड्या वेळानें गुलाबी मिश्रणाची बाटली बाहेर येई. तिच्यावर कागदाची कातरलेली पट्टी डकवलेली असे. एक खांच म्हणजे एक मात्रा. त्या बाटलींत काय आहे, असें आमच्या वडिलांनीं कधीं विचारल्याचें मला स्मरत नाहीं. विचारण्याची रीतच नव्हती. या न विचारलेल्या प्रश्नाचा इतिहास मी आज एका द्रवाच्या निमित्तानें सांगणार आहें.

औषध लिहून देणारा आणि तें तयार करणारा हे दोघे निराळे असावेत, ही कल्पना जुनी आहे. तेराव्या शतकांत सम्राट दुसरा फ्रेडरिक यानें सिसिलीच्या राज्यांत हे दोन धंदे कायद्यानें अलग केले. दोघांनीं संगनमत करून रोग्यास लुबाडूं नये, हा त्यांतील उघड हेतु. परंतु त्यापासून दुसराहि एक लाभ झाला. एकानें लिहावें, दुसऱ्यानें तोलावें, आणि तोलतांना लिहिण्यांतील चूक दिसली तर हात आवरावा. पुढें कारखान्यांचें युग आलें आणि औषध खलांत घोटलें जाण्याऐवजीं दूर कोठें तरी पिपांतून तयार होऊं लागलें. दुकानदाराच्या हातीं राहिली ती केवळ मोहोरबंद बाटली.

आतां १९३७ सालच्या अमेरिकेंत चला. सल्फानिलामाइड हें औषध त्या वेळीं नवें होतें. घशाच्या व रक्ताच्या कित्येक जंतुदोषांवर त्याचा गुण येई. तें गोळ्यांच्या व भुकटीच्या रूपानें मिळे. परंतु लहान मुलांना गोळी गिळवत नाहीं, तेव्हां पातळ औषधाची मागणी होऊं लागली. टेनेसी संस्थानांतील एका कंपनीच्या मुख्य रसायनज्ञास असें आढळलें कीं, ही भुकटी डाय-एथिलीन ग्लायकॉल नांवाच्या द्रवांत सहज विरघळते. त्यानें त्यांत रासबेरीचा स्वाद घातला. कंपनीच्या प्रयोगशाळेनें औषधाची चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. तें विषारी आहे कीं काय, एवढेंच पाहिलें नाहीं. तसें पाहण्याची सक्ति करणारा कायदाहि तेथें नव्हता. सप्टेंबरमध्यें माल देशभर रवाना झाला.

ऑक्टोबरांत ओक्लाहोमांतील टुल्सा शहरांतून मृत्यूंच्या वार्ता येऊं लागल्या. रोग्यांची लघवी बंद होई, पोटांत असह्य कळा येत, वांत्या होत, पुढें ग्लानि आणि झटके. मूत्रपिंडें निकामी होत होतीं, आणि त्यावर उतारा कोणापाशींहि नव्हता. एकूण १०५ माणसें दगावलीं. त्यांत ३४ मुलें होतीं. ज्या मुलांना गोळी गिळवत नाहीं म्हणून हें औषध निघालें, त्यांचाच त्यांत बळी गेला.

येथें कायद्याची एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. लोकांस विष विकलें म्हणून सरकारला हा माल जप्त करतां येत नव्हता. औषधाच्या नांवांत ‘एलिक्झिर’ हा शब्द होता, आणि एलिक्झिर म्हणजे मद्यार्कयुक्त औषध, असा त्याचा अर्थ रूढ होता. या बाटलींत मद्यार्काचा थेंबहि नव्हता. तेव्हां खोटें नांव लावलें, एवढ्या आधारावर जप्ती झाली. कंपनीनें त्यास नुसतें ‘द्रावण’ म्हटलें असतें, तर अधिकाऱ्यांना हात चोळीत बसावें लागलें असतें!

मग शोध सुरू झाला. खात्याचे जवळ जवळ सर्व म्हणजे २३९ निरीक्षक व रसायनज्ञ गांवोगांव धांवले. विक्रेत्यांच्या याद्या, डॉक्टरांच्या वह्या, दुकानांतील चिठ्ठ्या, सर्व चाळण्यांत आलें. ज्या दुकानदारानें चिठ्ठी जपून ठेवली होती, तेथें रोग्याचें नांव सांपडे आणि घरचा पत्ता लागे. ज्यानें चिठ्ठीवांचून बाटली विकली होती, तेथें निरीक्षक तसाच उभा राही. बाटली कोणाच्या घरीं गेली हें कोण सांगणार? एक कुटुंब औषध घेऊन डोंगराळ मुलुखांत राहावयास गेलें होतें. त्यांतील तीन वर्षांच्या मुलाचा शोध घेण्यासाठीं एका डॉक्टरानें स्वतःचें लग्न पुढें ढकललें. तयार झालेल्या २४० गॅलनांपैकीं २३४ गॅलन आणि एक पाइंट परत मिळालें. जें उरलें त्यानें ते मृत्यू घडविले. ज्या रसायनज्ञानें तें औषध बनविलें होतें, त्यानें पुढें आत्महत्या केली. माझ्या मतें या हकीकतींत सर्वांत मोठें काम दुकानांतल्या त्या चिठ्ठ्यांनीं केलें आहे, आणि त्यांची आठवण कोणी फारशी काढीत नाहीं. बाजारांत आणण्यापूर्वीं औषध निर्धोक असल्याचें दाखवावें, असा नवा कायदा अमेरिकेनें १९३८ सालीं केला.

आपल्याकडे काय होतें? १९३० सालीं सरकारनें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं औषधांची चौकशी करणारी समिति नेमली. बनावट आणि निकस मालाचा बाजारांत सुळसुळाट होता. समितीचा अहवाल १९३१ सालचा. औषधांचा कायदा झाला १९४० सालीं. तयार माणसें नव्हतींच. महादेवलाल श्रॉफ यांनीं काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत १९३२ सालीं या विषयाचें शिक्षण सुरू केलें, आणि औषधनिर्मात्याच्या धंद्यास शिक्षणाची व नोंदणीची अट घालणारा कायदा १९४८ सालीं आला.

इतकें सर्व झाल्यावर तोच द्रव मुंबईंत यावा, हें दुर्दैव कीं बेफिकिरी, हें ज्याचें त्यानें ठरवावें. १९८६ च्या आरंभीं जे. जे. रुग्णालयांत मेंदूची सूज आणि डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठीं रोग्यांना ग्लिसरीन पाजण्यांत येत असे. हा उपचार नेहमींचा. परंतु त्या खेपेच्या ग्लिसरिनांत डाय-एथिलीन ग्लायकॉल मिसळलेलें होतें. १४ रोगी मूत्रपिंडें बंद पडून मरण पावले. मी तेव्हां शिक्षकाच्या नोकरींत नुकताच लागलों होतों. रोज सकाळीं शिक्षकांच्या खोलींत वर्तमानपत्र मोठ्यानें वाचलें जाई आणि वाचणारा मध्येंच थांबे. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें चौकशी केली, आणि रुग्णालयाच्या खरेदीपासून सरकारी तपासणीपर्यंतच्या प्रत्येक पायरीवरील ढिलाई व भ्रष्टाचार उघडा पडला.

एकच द्रव पुनःपुन्हां कां सांपडतो, असें कोणी विचारील. कारण अगदीं साधें आहे. ग्लिसरीन आणि हें ग्लायकॉल, दोन्ही पाण्यासारखीं नितळ, मधासारखीं दाट, चवीला गोड. ग्लायकॉल स्वस्त, तें कारखान्यांच्या कामाचें, पोटांत घेण्याचें नव्हे. पिंपावरील चिठी बदलली कीं डोळ्यांस, नाकास आणि जिभेस फरक कळत नाहीं. रसायनशाळेंत मात्र तो लपत नाहीं. म्हणजे परीक्षा आहे. ती कोणी तरी केली पाहिजे.

२०२२ सालीं आफ्रिकेंतील गांबिया देशांत साठांहून अधिक बालकें अशाच प्रकारें गेलीं; संशय आला तो भारतांत तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांवर. परदेशीं जाणारें असें औषध आधीं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत तपासलें पाहिजे, हा नियम जून २०२३ पासून लागू झाला. त्यानंतर दोन वर्षांनीं, २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत, मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधानें वीसांहून अधिक बालकें दगावलीं. तें औषध परदेशचें नव्हतें आणि परदेशीं जाणारेंहि नव्हतें. त्यांतील कित्येक मुलांना आईबापांनीं नागपूरच्या रुग्णालयांत आणलें होतें. तोंपर्यंत त्यांचीं मूत्रपिंडें थांबलीं होतीं. तामिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेंत बाटली तपासली गेली, तेव्हां त्यांत शेंकडा ४८.६ ग्लायकॉल निघालें. मर्यादा आहे शेंकडा ०.१. ती परीक्षा मुलें गेल्यावर झाली.